बॅटरीला जोडताक्षणी बक कन्व्हर्टर उडतो, तेव्हा आयसी बदलण्याआधी काय बघायचं

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो, चुकलं तर सांगा. १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, तिथून दीड मीटर वायर, पुढे एमपी १५८४ आयसीचं छोटं बक कन्व्हर्टर मॉड्यूल (जास्त डीसी व्होल्टेज कमी करून देणारं), आणि त्याच्या ५ व्होल्टवर मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. टेबलवरच्या पॉवर सप्लायवर २४ व्होल्ट देऊन १ ॲम्पिअर लोडवर दोन तास चालवलं, सगळं व्यवस्थित. बॅटरीला जोडलं की टक् आवाज आणि मॉड्यूल मेलं. अशी तीन गेली, तिसऱ्याने जाताना मायक्रोकंट्रोलरही सोबत नेला. मीटरवर बॅटरी २५.४ व्होल्ट दाखवते आणि डेटाशीट म्हणते २८ पर्यंत चालेल. म्हणून तुम्ही विचारताय, माल डुप्लिकेट आहे का आणि कोणतं मॉड्यूल घेऊ?

डुप्लिकेट असू शकतो, पण ती शंका मी सगळ्यात शेवटी घेईन. डुप्लिकेट आयसी सहसा गरम होऊन मरते, लोडवर मरते, दोन-चार दिवसांनी मरते. टेबलवर दोन तास नीट चालणारी आणि बॅटरीला लावताच पहिल्या क्षणी मरणारी, तेही लागोपाठ तीन वेळा, अशी आयसी बहुतेक वेळा अस्सलच असते. तिच्या पिनवर झेपणार नाही ते काहीतरी येतंय. ते काय, हे शोधल्याशिवाय चौथं मॉड्यूल लावलंत तर तेही जाईल.

आता टेबल आणि बॅटरी यात फरक काय ते बघा. व्होल्टेज जवळपास तेच आहे, पण ते चढतं कसं ते वेगळं आहे. टेबलवर तुम्ही आधी वायरी जोडता, मग सप्लायचं बटण दाबता किंवा नॉब फिरवता. सप्लाय स्वतःचा आउटपुट काही मिलिसेकंदांत चढवतो, शिवाय त्याला करंट लिमिट असतं. बॅटरीला असलं काही नसतं. वायर टेकली की पूर्ण २५ व्होल्ट एका झटक्यात, आणि करंट द्यायची तयारी शेकडो ॲम्पिअरची.

हा झटका दीड मीटर वायरमधून जातो. जाणारी आणि येणारी वायर मिळून साधारण दीड मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंट एकदम बदलू न देण्याचा गुण) धरा. वायरी एकमेकींपासून लांब असतील तर जास्त, पीळ घातलेल्या असतील तर कमी. मॉड्यूलच्या इनपुटला १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर असतो. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: लहान आकाराच्या सिरॅमिक कॅपॅसिटरवर २५ व्होल्ट आले की त्याची कपॅसिटी निम्म्याहूनही खाली येऊ शकते. म्हणून मी ४ मायक्रोफॅरडच धरतो. आता तुमच्याकडे एक कॉइल आणि एक कॅपॅसिटर आहे, आणि त्यांच्यात घर्षण म्हणावं असं जवळजवळ काहीच नाही. वायरचा, बॅटरीचा आणि कनेक्टरचा मिळून रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आसपास. झोक्याला एकदम जोरात धक्का दिल्यासारखं होतं. कॅपॅसिटर २५ व्होल्टवर थांबत नाही, पुढे निघून जातो. रेझिस्टन्स शून्य असता तर बरोबर दुप्पट झाला असता. वरचे आकडे घालून गणित केलं तर शिखर ४४ व्होल्टच्या आसपास येतं. प्रत्यक्षात त्याहूनही वर जाऊ शकतं, कारण चढताना कॅपॅसिटर लहान लहान होत जातो. एमपी १५८४ ची कमाल सहनमर्यादा ३० व्होल्ट आहे, २८ हा नेहमीच्या वापराचा आकडा. म्हणजे आयसीने काही चूक केलेली नाही.

मीटरला हे का दिसलं नाही? ते शिखर जोडल्यापासून साधारण ८ मायक्रोसेकंदांनी येतं आणि शंभर-दीडशे मायक्रोसेकंदांत सगळं शांत होतं. साधा मल्टीमीटर सेकंदाला दोन-चार वेळा वाचन घेतो. पापणी लवेपर्यंत झालेला खून दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पोस्टमनला विचारण्यासारखं आहे ते.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाहीत पण असणारच: या बॅटऱ्या चार्ज होताना किती व्होल्टला जातात? '२४ व्होल्ट' हे नुसतं नाव आहे. १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्जिंगच्या शेवटी २८.८ व्होल्टपर्यंत नेल्या जातात. म्हणजे तुमचं मॉड्यूल झटक्यातून वाचलं असतं तरी चार्जर लावल्यावर रोजच मर्यादेबाहेर राहिलं असतं. मॉड्यूल बदलायचंच आहे, पण ते डुप्लिकेट आहे म्हणून नव्हे.

आता मेलेल्या मॉड्यूलकडे वळू. ती तिन्ही अजून टाकली नसतील अशी आशा आहे. मेलेली आयसी बरंच काही सांगते, आणि लोक तिला सगळ्यात आधी कचऱ्यात टाकतात. मीटर डायोड रेंजवर ठेवा आणि तीन ठिकाणी बघा: इनपुट ते ग्राउंड, इनपुट ते स्विच पिन (कॉइलचं जे टोक आयसीला जोडलेलं असतं ते), आणि स्विच पिन ते ग्राउंड. तुमच्या बाबतीत इनपुट ते स्विच पिन शॉर्ट मिळेल असा माझा अंदाज आहे, निदान तिसऱ्या मॉड्यूलमध्ये तरी नक्की. कारण मायक्रोकंट्रोलर गेला. बक कन्व्हर्टरमध्ये वरचा स्विच इनपुट आणि कॉइल यांच्या मधे बसतो. तो शॉर्ट झाला की इनपुट कॉइलमधून सरळ आउटपुटला जातं. ५ व्होल्टच्या जागी २५ व्होल्ट. कॉइल म्हणजे शेवटी तांब्याची तारच, डीसीला ती अडवत नाही.

इनपुट ते ग्राउंड शॉर्ट दिसला तर लगेच आयसीवर आळ घेऊ नका. आधी सिरॅमिक कॅपॅसिटर उचलून बघा. बोर्ड वाकला, स्क्रू जास्त आवळला, किंवा पट्टीतून बोर्ड हाताने तोडून वेगळा केला, की या कॅपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते आणि नंतर कधीतरी तो शॉर्ट होतो. आयसी धडधाकट असताना ती तीनदा बदलल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, त्यातलं एक माझं स्वतःचं. स्विच ते ग्राउंड शॉर्ट असेल तर बाहेरच्या शॉट्की डायोडचा एक पाय मोकळा करून पुन्हा मोजा. या मॉड्यूलवर बहुतेक ४० व्होल्टचा डायोड असतो, आणि वरचा स्विच चालू असताना इनपुटचं सगळं व्होल्टेज त्याच्यावर उलटं येतं. ४४ व्होल्टच्या झटक्यात त्याचाही बळी जाऊ शकतो.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुम्हीही त्याच वाटेने जाल अशी भीती वाटते. काही वर्षांपूर्वी असेच २४ व्होल्टवर चालणारे बोर्ड माझ्याकडे दुरुस्तीला आले होते. दुरुस्तीचा शहाणपणाचा नियम असा, की नवीन आयसी टाकल्यावर सरळ सप्लाय द्यायचा नाही, आधी सिरीज बल्ब लावायचा. शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि आयसी वाचते. मी २४ व्होल्ट २१ वॅटचा गाडीचा बल्ब सिरीजमध्ये लावला, बोर्ड चालले, बल्ब काढला, तरीही चालले, परत पाठवले. आठवड्यात त्यातले निम्मे पुन्हा दारात. पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. मी आयसीच्या बॅचला दोष दिला, सोल्डरिंगला दिला, वापरणाऱ्यांना तर दिलाच.

घोळ माझ्या बल्बमध्ये होता. तो थंड असताना दोन-तीन ओहमचा असतो. वरच्या गणितात झोका पूर्ण शांत करायला जेमतेम सव्वा ओहम पुरतो. म्हणजे मी जी काळजी घेत होतो तीच बिघाड झाकत होती. बल्ब लावल्यावर शिखर येतच नव्हतं, आणि बल्ब मी शॉर्टकट वायर लावून बाजूला करायचो, तोवर कॅपॅसिटर भरलेला असायचा. वापरणारे मात्र चालू सप्लायचा कनेक्टर थेट खुपसायचे. सिरीज बल्ब वापरू नका असं मी म्हणत नाही, मी आजही वापरतो. पण 'बल्बवर चालला' याचा अर्थ 'शॉर्ट नाही' एवढाच घ्या.

याच गोष्टीचा उलटा उपयोग करून तुमचं निदान पक्कं करता येईल, आणि त्याला स्कोप (ऑसिलोस्कोप) लागत नाही. नवीन मॉड्यूलला लोड न लावता, १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालून बॅटरी जोडा. एक-दोन सेकंद थांबा, मग रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना वायर टेकवून तो बाजूला करा. असं दहा वेळा करा, दर वेळी मधे कॅपॅसिटर रिकामा होऊ द्या. मॉड्यूल दहाही वेळा वाचलं, आणि आधीची तीन थेट जोडल्यावर पहिल्याच फटक्यात गेली होती, तर मग आणखी पुरावा कशाला हवा? चार्जर मात्र या वेळी काढून ठेवा.

आकडाच बघायचा असेल आणि स्कोप असेल तर प्रोब १०एक्सवर ठेवा, सिंगल ट्रिगर, चढती बाजू, पातळी २० व्होल्ट, वेळ १० मायक्रोसेकंद प्रति चौकोन. प्रोब थेट इनपुट कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर लावायचा, वायरच्या दुसऱ्या टोकाला नाही. ग्राउंडची ती लांब मगर-क्लिप काढून छोटी स्प्रिंग लावा, नाहीतर क्लिपच्या वायरीतला गोंधळच स्क्रीनवर मोजत बसाल. बॅटरीवर हे बिनधास्त करता येतं. मेन्सवर चालणाऱ्या सप्लायच्या प्रायमरी बाजूला मात्र स्कोपचं ग्राउंड कधीही लावू नका, स्कोप आणि माणूस दोन्ही धोक्यात येतात.

स्कोप नसेल तर एक जुगाड आहे. इनपुट कॅपॅसिटरवरून एक फास्ट डायोड, यूएफ ४००७ चालेल, आणि त्याच्या पुढे ग्राउंडला २२० नॅनोफॅरड १०० व्होल्टचा फिल्म कॅपॅसिटर. त्या कॅपॅसिटरवर १० मेगाओहम इनपुटचा डिजिटल मीटर. शिखर डायोडमधून आत जातं आणि परत येऊ शकत नाही, दोनेक सेकंदांत हळूहळू उतरतं. मीटरला मॅक्स बटण असेल तर उत्तम, नसेल तर जोडताक्षणी दिसलेला पहिला आकडा लक्षात ठेवा. तो खऱ्या शिखरापेक्षा थोडा कमीच असेल. त्यातही ३५-४० दिसले तर समजून जा.

आता उपाय. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सिरॅमिकच्या शेजारी एक साधा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, १०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट. इथे 'साधा' या शब्दावर माझा भर आहे. लोक हौसेने लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) किंवा पॉलिमरचा घेतात, आणि इथे तोच कमी उपयोगाचा. आपल्याला झोक्याला ब्रेक लावायचा आहे. साध्या इलेक्ट्रोलिटिकच्या पोटातला अर्धा-पाऊण ओहमचा ईएसआर इतर वेळी दुर्गुण असतो, इथे तोच ब्रेकचं काम करतो. तुमच्या वायरी आणि सिरॅमिकचा हिशोब केला तर ०.६ ओहमच्या आसपासचा ईएसआर छान बसतो. कॅपॅसिटर सिरॅमिकच्या निदान चौपट हवा, म्हणजे ४७ मायक्रोफॅरडही चालून जाईल.

एलएम २५९६ चं ते जुनं मोठं मॉड्यूल 'दणकट' म्हणून ओळखलं जातं, त्यामागे हेही एक कारण आहे. आयसी ४० व्होल्टची आहेच, पण इनपुटला तो साधा इलेक्ट्रोलिटिक आयताच बसलेला असतो. फक्त त्यावर ३५ व्होल्ट लिहिलंय की ५० हे वाचून घ्या, दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

पण एवढं करून तुमचं सध्याचं मॉड्यूल वाचेल का? मला नाही वाटत. ब्रेक लावल्यावरही उसळी दहा-पंधरा टक्के राहते. २५.४ वर ती २९ च्या आसपास जाईल, म्हणजे ३० च्या उंबरठ्यावर. आणि २८.८ वर चार्जिंग सुरू असताना कोणी कनेक्टर काढून परत लावला तर ३३. २८ व्होल्टचा भाग या जागी बसतच नाही, त्याला कितीही जपलं तरी. ४० व्होल्टची आयसी आणि हा इलेक्ट्रोलिटिक, हे मी किमान म्हणेन. वायर आणखी लांब असेल किंवा त्याच बॅटरीवर मोटर, रिले, पंप असं काही असेल तर सरळ ६० व्होल्टचा भाग घ्या. टीपीएस ५४३६० हा त्यातला एक, ६० व्होल्ट आणि साडेतीन ॲम्पिअरचा.

टीव्हीएस डायोड (ठराविक व्होल्टेजच्या वर वाहायला लागून जादा व्होल्टेज दाबून धरणारा) सुचवणारे तुम्हाला नक्की भेटतील. लावा, पण आकडे बघून. एसएमबीजे २४ए वर २४ लिहिलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं तो २४ ला पकडेल. तो वाहायला लागतो २६.७ ते २९.५ च्या मधे कुठेतरी, आणि पूर्ण करंटला त्याच्यावर ३८.९ व्होल्टपर्यंत येऊ शकतात. ३० व्होल्टच्या आयसीला त्याचा काय उपयोग? उलट तुमच्या बॅटऱ्या २८.८ ला गेल्या की तो स्वतःच वाहत बसेल आणि भाजेल. टीव्हीएसचा आकडा चार्जिंगच्या व्होल्टेजच्या वर आणि त्याचं क्लॅम्पिंग (पूर्ण करंटला त्याच्यावर येणारं व्होल्टेज) आयसीच्या मर्यादेच्या खाली, या दोन भिंतींमध्ये बसला पाहिजे. ४० व्होल्टच्या आयसीसोबत ती जागा फार अरुंद आहे, ६० सोबत ऐसपैस.

मायक्रोकंट्रोलरचं नुकसान मात्र वेगळ्या उपायाने टळतं. इनपुटला फ्यूज, तुमच्या लोडला १ ॲम्पिअरचा पुरे, आणि ५ व्होल्टच्या आउटपुटवर एसएमबीजे ५.०ए. वरचा स्विच शॉर्ट झाला की हा डायोड जिवावर उदार होऊन शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. खरं सांगायचं तर त्याचं क्लॅम्पिंग ९ व्होल्टपर्यंत जातं, त्यामुळे बोर्ड दर वेळी वाचेलच अशी हमी मी देत नाही. पण ९ आणि २५ यात बराच फरक आहे. शिवाय बोर्डवर पुढे ३.३ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर असेल तर मायक्रोकंट्रोलरपर्यंत ते पोचण्याची शक्यता आणखी कमी होते.

वरचं सगळं मी 'जोडताक्षणी मेलं' या एका वाक्यावर उभं केलं आहे. वेळ बदलली की कारण बदलतं. तासाभराने लोडवर मरत असेल तर उष्णता बघा. तीन ॲम्पिअर म्हणून विकलं जाणारं छोटं मॉड्यूल हीटसिंकशिवाय दीड ॲम्पिअर दीर्घकाळ देईल तर नशीब. बूटस्ट्रॅपचा छोटा कॅपॅसिटर (वरचा स्विच चालू करायला लागणारं व्होल्टेज देणारा) खराब असला की वरचा स्विच अर्धवटच चालू होतो आणि कमी लोडवरही आयसी तापते. बॅटरी काढताना मरत असेल तर चार्जर जोडलेला होता का ते आठवा, बॅटरीचा आधार गेला की काही चार्जरचं व्होल्टेज भलतंच वर जातं.

आणि डुप्लिकेट. एलएम २५९६ घेतलंत तर स्विच पिनवर स्कोप किंवा मीटरची फ्रिक्वेन्सी रेंज लावून बघा. अस्सल १५० किलोहर्ट्झवर चालते. ५० च्या आसपास दिसले तर आत वेगळीच, जुनी चिप आहे. ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये २४ वरून ५ करताना १५० ला रिपल (करंटचा चढउतार) ०.८ ॲम्पिअर येतो, ५० ला तोच २.४. म्हणजे २ ॲम्पिअर लोडला कॉइलचं शिखर २.४ वरून ३.२ वर जातं आणि हलकी कॉइल सॅच्युरेट होते, म्हणजे तिचा गाभा भरतो आणि ती करंट आवरू शकत नाही. अशी आयसी मात्र बॅटरी जोडताक्षणी मरत नाही, तापून तापून मरते.

नवीन मॉड्यूल लावाल तेव्हा पहिले दहा वेळा मायक्रोकंट्रोलर जोडू नका. आउटपुटला १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावा, अर्धा ॲम्पिअर घेईल. बॅटऱ्या पूर्ण चार्ज असताना, रेझिस्टर किंवा बल्ब मधे न घालता, कनेक्टर मुद्दाम अर्धवट, अडखळत लावून बघा. प्रत्यक्ष वापरात तो तसाच लावला जाणार आहे. त्या डायोडच्या जुगाडावर दर वेळी किती व्होल्ट आले ते लिहून ठेवा आणि इलेक्ट्रोलिटिक लावण्याआधीचा व नंतरचा आकडा दोन्ही इथे टाका. वायरची जाडी आणि बॅटरीपासूनचं नेमकं अंतरही सांगा, म्हणजे माझा दीड मायक्रोहेन्रीचा अंदाज किती चुकला ते मलाही कळेल.